काळा ठिपका, अंगठी आणि एकच पाऊलखूण

वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न परभाषेतल्या जुन्या अद्भुत आणि साहसी कादंबऱ्यांविषयी आहेत. पत्रे बहुतेक कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे मात्र एका मापाची नाहीत. काही प्रश्नांना चार ओळी पुरतात, काहींना पुरत नाहीत.

प्रश्न : एम. ए.च्या प्रकल्पासाठी स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' घेतली आहे. त्यातली बावीस प्रतीके मी काढली: जहाज, पोपट, सफरचंदाचे पिंप, सिल्व्हरचा लाकडी पाय, नकाशा, काळा ठिपका वगैरे. प्रत्येकापुढे अर्थ लिहिला. 'हा शब्दकोश झाला' असा शेरा मिळाला. कुठे चुकले? (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : आधी लाकडी पाय खोडा. चाच्यांचा म्होरक्या सिल्व्हर याचा डावा पाय मांडीपासून तोडलेला आहे आणि तो कुबडीवर चालतो. लाकडी पाय चित्रांतून आणि सिनेमांतून आपल्या डोक्यात शिरला आहे. पुस्तकापेक्षा आठवणीतून लिहिले की असे होते.

आता बाकीची यादी. वस्तूला अर्थ चिकटवण्याआधी ती तीन चाळण्यांतून काढा. ती पुन्हा येते का? पुन्हा येताना तिचा धनी, जागा किंवा उपयोग बदलतो का? आणि ती वगळली तर फक्त एक घटना अडते, की पुस्तक काय म्हणते आहे तेच उणे होते?

सफरचंदाचे पिंप घ्या. अकराव्या प्रकरणात कथा सांगणारा मुलगा जिम त्यात बसून बंडखोरांचा कट ऐकतो. कथेला ते अत्यंत गरजेचे आहे, पण त्याचे काम तिथेच संपते. तिथे बिस्किटांचे पिंप असते तरी जिमला कट ऐकू आला असता. सफरचंद दिसले की लगेच एडनची बाग आठवायची, ही परीक्षेच्या गाइडांनी लावलेली सवय आहे.

कुबडी तिन्ही चाळण्यांतून उतरते. आधी ती आधार असते. चौदाव्या प्रकरणात सिल्व्हर तीच फेकून टॉम नावाच्या खलाशाला पाडतो आणि मग सुरा चालवतो. पांगळेपणाची खूणच हत्यार बनते. सिल्व्हरची कीव करायची की त्याला भ्यायचे, हे जिमला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. त्याची ती सगळी कोंडी या एका काठीत आहे.

काळा ठिपका, म्हणजे चाचे एकमेकांना देतात ती धमकीची चिठ्ठी, तर नमुनाच आहे. तिसऱ्या प्रकरणात आंधळा चाचा प्यू तो बिली बोन्स या जुन्या साथीदाराच्या तळहातावर ठेवतो आणि बिली तिथल्या तिथे कोसळून मरतो. एकोणतिसाव्या प्रकरणात ठिपका सिल्व्हरच्या हाती येतो, पण या वेळी तो बायबलचे शेवटचे पान कापून केलेला आहे. छापील बाजू राखेने काळी केली आहे, कोऱ्या बाजूवर 'पदच्युत' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला आहे, तोही चुकीच्या स्पेलिंगने. राख जिमच्या बोटांना लागते, आणि त्याच्या नजरेत भरते ती छापील ओळ: कुत्रे आणि खुनी बाहेर राहतील, या अर्थाची. बिली ठिपक्याने मेला. सिल्व्हर मात्र 'बायबल कोणी कापले?' असे विचारून देणाऱ्यांनाच घाबरवून सोडतो. वस्तू तीच, धनी बदलला, धाक उलटला. प्रकल्पात दोन पाने लिहायची तर यावर लिहा.

पोपटही ठेवा. त्याचे नाव मेलेल्या कप्तानाचे, फ्लिंटचे, आणि कादंबरी संपते ती त्याच्या नाण्यांच्या ओरडण्यावर. 'पोपटपंची' हा शब्द आपल्याकडे आहेच. अर्थ न कळता तेच तेच बोलणारी हाव इथे पिंजऱ्यात बसली आहे.

कामाची पद्धत अशी: पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्या वाचनाला वही घ्या आणि चार रकाने आखा: पान, वस्तू कोणाच्या हातात, तिने काय घडले, वर्णनात आलेला खास शब्द. प्रकरणे चौतीस आहेत. रोज दोन घेतली तर सतरा दिवसांत काम होते. 'अर्थ' हा रकाना मुद्दाम आखू नका. तो आधी आखला की बाकीचे चार त्याच्या सोयीने भरले जातात. बावीसमधून चार-पाच वस्तू उरतील. तेवढ्या पुरेत.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावर वाद पेटलाय. एक गडी म्हणतो टॉल्किनची अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, दुसरा म्हणतो सत्ता, तिसरा म्हणतो काय नाही, नुसती अंगठी. तांबड्या-पांढऱ्याची पैज लागलीय. कोण जिंकलं? (सहा जण, मिरजकर तिकटी)

उत्तर : बॉम्बवाला पहिला बाद. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये छापून आली, पण लिहायला सुरुवात डिसेंबर १९३७ मध्ये झाली आणि अंगठीचे काम हिरोशिमाच्या बरेच आधी ठरले होते. १९६६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किनने स्वतःच सांगितले, की रूपककथा त्याला आवडत नाही. कथा महायुद्धावर बेतली असती तर अंगठी नष्ट न करता शत्रूवरच वापरली गेली असती, असेही त्याने तिथे म्हटले आहे. वाचकाने आपल्या अनुभवाला कथा लावून पाहावी, ही मोकळीक वाचकाची. रूपककथेत मात्र लेखक वाचकाला वेसण घालतो, असा त्याचा मुद्दा.

हा फरक कोल्हापूरकरांना लवकर पटायला हवा, पण उलटेच होते. खांडेकरांच्या रूपककथांवर इथल्या तीन पिढ्या वाढल्या. फूल म्हणजे हे, दगड म्हणजे ते, अशी जोडी लावत वाचायची सवय झाली. रूपककथेसाठी ती सवय योग्यच आहे. दीर्घ कादंबरीत ती वाचकाला लवकर थांबवते, कारण एकदा 'म्हणजे' सापडले की पुढची हजार पाने वाचायची गरज उरत नाही.

सत्तावाला निम्मा बरोबर. अंगठी काय करते ते मांडून पाहा. ती घालणारा अदृश्य होतो. त्याचे आयुष्य लांबते, पण वाढत नाही. जास्त पावावर थोडेसे लोणी फासावे तसे वाटते, असे ती बरीच वर्षे बाळगलेला बिल्बो म्हणतो. मॉर्डोर हा शत्रूचा मुलूख जवळ येईल तशी ती जड होते. आणि ती प्रत्येकाला त्याच्याच चांगल्या इच्छेने पकडते: बोरोमिरला आपले शहर वाचवायचे असते, गँडाल्फला दया करायची असते म्हणूनच तो ती घेत नाही, माळी असलेल्या सॅमला क्षणभर अख्ख्या ओसाड मुलखाची बाग झालेली दिसते. टॉम बॉम्बाडिल ती बोटात घालतो आणि काहीच होत नाही, कारण त्याला काही हवेच नाही. नुसते 'सत्ता' म्हटले तर सॅमची बाग कुठे बसवायची?

'नुसती अंगठी' म्हणणाऱ्याकडेही एक हुकमी पत्ता आहे, त्याला तो माहीत नसावा. 'हॉबिट' या टॉल्किनच्या आधीच्या कादंबरीच्या १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत ती खरोखरच नुसती जादूची अंगठी होती. कोड्यांच्या पैजेत हरल्यावर तिचा आधीचा धनी, भुयारात राहणारा गॉलम, ती बिल्बोला बक्षीस द्यायला तयार असतो. सापडत नाही म्हणून क्षमा मागतो आणि बाहेरची वाट दाखवतो. पुढची मोठी कादंबरी लिहिताना हे जुळेना. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत पाचवे प्रकरण बदलले. आता गॉलम खवळतो, अंधारात वाट अडवतो, आणि तलवार हातात असलेला अदृश्य बिल्बो त्याला मारायचे सोडून त्याच्यावरून उडी मारतो. वस्तूचे प्रतीक होते कसे, हे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून इतके स्वच्छ क्वचितच दिसते.

आणि शेवट त्या उडीवर अवलंबून आहे. अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो ज्वालामुखीच्या कड्यावर ती टाकत नाही, 'माझी' म्हणतो. ती नष्ट होते ती जिवंत सोडलेल्या गॉलममुळे. त्यामुळे अंगठीवर बोलताना दयेवर बोलला नाहीत तर निम्मे पुस्तक सुटते. पैज कोणीच जिंकली नाही; वर्गणी काढा.

प्रश्न : अद्भुत कादंबरी आणि साहसी कादंबरी यांत नेमका भेद काय? दुकानात दोन्ही एकाच कप्प्यात असतात. (वाचक, कागल)

उत्तर : आपल्या रसशास्त्राने हे आधीच सोडवले आहे. अद्भुताचा स्थायीभाव विस्मय, वीराचा उत्साह. साहसी कादंबरीत पुढच्या पानावर नायक 'काय करील' ही ओढ असते, अद्भुतात पुढच्या वळणावर 'काय दिसेल' ही. चांगल्या पुस्तकांत दोन्ही मिसळतात, पण तोल एकीकडे असतो. विषय शोधताना तोच तोल पाहा. उत्साहाच्या पुस्तकात निवड आणि विश्वासघात हे विषय सापडतात, विस्मयाच्या पुस्तकात ओळख आणि मोह. कप्पा दुकानदाराचा प्रश्न आहे.

प्रश्न : या कादंबऱ्यांत कोणी ना कोणी सतत बिळात, गुहेत, भुयारात उतरते. हे सगळे एकाच अर्थाचे मानायचे का? आमच्याकडे अंधार बावडी आहे, म्हणून उत्सुकता. (वाचक, पन्हाळा)

उत्तर : नाही. उतरणे एक असले तरी तीन गोष्टी तपासा: माणूस पडला, की ठरवून उतरला, खाली नियम वरचेच होते की वेगळे, आणि वर येताना हातात काय होते.

१८६५ च्या 'ॲलिस इन वंडरलँड'मधली ॲलिस सशाच्या बिळात पडते, तीही इतकी सावकाश की वाटेतल्या फळ्या न्याहाळते आणि मुरंब्याची बरणी उचलते. बरणी रिकामी निघते. खाली शब्दांचे नेहमीचे अर्थ चालत नाहीत, तिचे स्वतःचे आकारमानही टिकत नाही. व्हर्नच्या १८६४ मधल्या 'पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासा'त प्राध्यापक जुनी सांकेतिक चिठ्ठी उलगडून, दोर आणि दिवे घेऊन आइसलँडच्या ज्वालामुखीच्या तोंडातून ठरवून उतरतात आणि इटलीजवळच्या स्ट्रॉम्बोलीतून बाहेर फेकले जातात. बर्फातून आत, आगीतून बाहेर. जाणे हिशेबाने, येणे निसर्गाच्या मर्जीने. बिल्बो पडतोही आणि शोधतोही, आणि अंगठी घेऊन येतो.

तुमची अंधार बावडी या कसोटीला सुंदर उतरते. तिच्यात उतरायचे ते पाण्यासाठी, आणि ती अशी झाकून बांधली ती शत्रूला पाणी सहज सापडू नये, नासवता येऊ नये म्हणून. अंधार तिथे भीतीचा नसून राखणीचा आहे. गुहा आली की 'मनाचा अंधारा तळ' असे लिहून मोकळे होणाऱ्यांना एकदा ती दाखवा.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. 'समुद्राखालची वीस हजार लीग' वाचून विचारते, कप्तान नेमो कुठला? कोणी सांगितले भारतीय. खरे का? आणि समुद्र वीस हजार लीग खोल असतो का? (पालक, इचलकरंजी)

उत्तर : दुसरे आधी. वीस हजार लीग हे अंतर आहे, खोली नव्हे. चार किलोमीटरची एक लीग धरली तर ८०,००० किलोमीटर होतात, म्हणजे पृथ्वीला सुमारे दोन फेऱ्या. समुद्र सर्वांत खोल जागीही ११ किलोमीटरच्या आसपासच आहे. मुलीला पृथ्वीचा गोल आणि दोरा देऊन हे दाखवता येईल: विषुववृत्तावर दोरा दोनदा गुंडाळा, साधारण तेवढे.

नेमो भारतीय, हे खरे. पण या पुस्तकात तसे सांगितलेले नाही. १८६९-७० मध्ये क्रमशः आलेल्या या कादंबरीत तो आपला देश लपवतो. नावच लॅटिनमध्ये 'कोणी नाही'. व्हर्नने आधी त्याला रशियाविरुद्ध पेटलेला पोलिश सरदार करायचे ठरवले होते, प्रकाशक हेत्झेल याने ते मानले नाही. पुढे १८७४-७५ च्या 'रहस्यमय बेटा'त उलगडा होतो: हा प्रिन्स डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, १८५७ च्या उठावात लढलेला. (व्हर्नला हिंदुस्थान म्हटले की बुंदेलखंडच आठवत असावे, ऐंशी दिवसांच्या प्रवासातली औदाही तिथल्याच राजाची विधवा आहे.) दोन्ही पुस्तकांतली साले एकमेकांशी जुळत नाहीत, तो हिशेब मुलीला करू द्या. मजा येते.

पण पहिल्या पुस्तकातही एक धागा आहे. सिलोनजवळ नेमो एका गरीब पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो, मोत्यांची पिशवी देतो, आणि पाणबुडीवर अडकलेल्या तिघा पाहुण्यांपैकी प्राध्यापक ॲरोनॅक्सला सांगतो, की तो माणूस पिचलेल्यांच्या देशातला आहे आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा. हे संवाद बालावृत्त्यांत बहुधा गळतात. खरेदी करताना प्रकरणे मोजा: मूळ पुस्तकात २४ आणि २३, अशी दोन भागांत ४७ आहेत. पंधरा-वीसच दिसली तर ती संक्षिप्त आवृत्ती. वाचायला हरकत नाही, पण तिच्यावरून विषय आणि प्रतीके शोधू नयेत.

नेमोच्या नॉटिलस या पाणबुडीतला ग्रंथसंग्रह मुलीला नक्की दाखवा. बारा हजार पुस्तके, आणि अर्थशास्त्राचे एकही नाही. ज्याने जमिनीवरचे व्यवहार तोडले त्याच्या घरात कुठली पुस्तके नाहीत, यावरून माणूस कळतो. तीच पाणबुडी नेमोला स्वातंत्र्य आणि तिघा पाहुण्यांना तुरुंग आहे. कादंबरीचा सगळा ताण या दुहेरीपणात आहे.

प्रश्न : सातवी-आठवीच्या मुलांकडून साहसकथेचा नकाशा काढून घ्यायचा आहे. मागच्या वर्षी सगळ्यांनी चहाच्या पाण्यात कागद बुडवून कडा जाळल्या, नकाशा मात्र काहीच सांगेना. (शिक्षक, शाहूवाडी तालुका)

उत्तर : कडा जाळणे शेवटच्या तासाला ठेवा, तेही मोठ्यांच्या देखरेखीत. सजावट आधी आली की मोजमाप राहतेच.

स्टीव्हन्सनने १८८१ मध्ये स्कॉटलंडमधल्या ब्रेमार इथे सावत्र मुलाबरोबर खेळताना आधी नकाशा रंगवला आणि मग त्यावरून 'ट्रेझर आयलंड'ची कथा सुचली. पुढे प्रकाशकाकडे पाठवलेला तो नकाशा हरवला. तेव्हा अख्खे पुस्तक चाळून, जागांचे सगळे उल्लेख टिपून, कर्कटक घेऊन त्याला तो नव्याने जुळवावा लागला. पहिले काम सोपे होते, दुसरे जिकिरीचे, असे त्याने लिहून ठेवले आहे. मुलांकडून हे दुसरे काम करून घ्या.

चार मुलांचा गट करा. प्रत्येकाला तीन-चार प्रकरणे द्या आणि जागेचे नाव, दिशा, अंतर, खूण एवढेच टिपायला सांगा. मग कागदावर उत्तर दिशा आणि प्रमाण आधी. बेट सुमारे नऊ मैल लांब आणि पाच मैल रुंद आहे; एका मैलाला दोन सेंटीमीटर धरले तर १८ बाय १० सेंटीमीटर होते आणि ए-फोर कागदावर नीट बसते. होकायंत्राच्या जुन्या पद्धतीत वर्तुळाचे ३२ भाग असतात, म्हणजे एक 'पॉइंट' सव्वाअकरा अंशांचा. खजिन्याची दिशा उत्तर-ईशान्येच्या एक पॉइंट उत्तरेला दिली आहे: २२.५ वजा ११.२५. कोनमापकाने लावता येते. दोन गटांचे नकाशे जुळले नाहीत तर कोणाचे खरे हे मजकुरातली ओळ दाखवून ठरवायचे. खरा तास तोच.

मग विषयाकडे या. वाटेत पसरलेला सांगाडा हा फ्लिंटने ठेवलेला दिशादर्शक काटा आहे. माणूसच नकाशाचा भाग झाला. आणि शेवटी नकाशा अचूक ठरतो, पण खड्डा रिकामा असतो, कारण बेटावर एकटा सोडून दिलेला खलाशी बेन गन याने खजिना कधीच आपल्या गुहेत हलवला आहे. 'नकाशा खोटा होता का?' एवढा एकच प्रश्न विचारून वर्गाला बोलू द्या.

तुमच्या तालुक्यात याला उत्तम जोड आहे. पन्हाळा ते विशाळगड हा जुलै १६६० मधला मार्ग त्याच रीतीने काढायला लावा आणि प्रत्येक नावापुढे लिहायला सांगा: नाव घटनेआधीचे की नंतरचे? घोडखिंडीची पावनखिंड झाली ती बाजीप्रभूंच्या बलिदानानंतर. चाच्यांच्या बेटावर एकाही जागेचे नाव असे उजळत नाही.

प्रश्न : 'विझर्ड ऑफ ऑझ'मधले लाल बूट कशाचे प्रतीक? (वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : बाउमच्या १९०० च्या पुस्तकात बूट चांदीचे आहेत. लाल झाले ते १९३९ च्या रंगीत सिनेमात. चांदीचे बूट आणि पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे त्या काळचा अमेरिकेतला चांदी-सोन्याच्या चलनाचा वाद, ही मांडणी हेन्री लिटलफील्ड या शिक्षकाने १९६४ मध्ये केली. वर्गात शिकवायला ती सोयीची आहे. लेखकाचा हेतू म्हणून तिचा हवाला देऊ नका. त्यापेक्षा पाचूनगरीतले हिरवे चष्मे पाहा. सिनेमात ते नाहीत. पुस्तकात प्रत्येकाच्या डोळ्यांवर ते कुलूप लावून बसवतात, म्हणून नगरी हिरवीगार दिसते.

प्रश्न : 'रॉबिन्सन क्रूसो' नातवाला द्यावे की नाही? हल्ली ऐकतो की ते गुलामगिरीचे समर्थन करते. (ज्येष्ठ वाचक, शुक्रवार पेठ)

उत्तर : द्या, पण संपूर्ण आवृत्ती द्या आणि बारा-तेराव्या वर्षी द्या. बालावृत्त्यांत झोपडी, शेळ्या आणि छत्री उरते, नेमके बोलण्याजोगे गळून जाते. १७१९ च्या मूळ पुस्तकात क्रूसोचे जहाज फुटते ते गुलाम आणायला निघाला असताना. त्याआधी, आपल्याबरोबर पळून आलेला झुरी हा मुलगा त्याने साठ नाण्यांना विकलेला असतो. बेटावर भेटलेल्या माणसाचे नाव तो विचारत नाही, वारावरून 'फ्रायडे' ठेवतो आणि स्वतःचे नाव 'मालक' म्हणून शिकवतो.

वाळूतली ती प्रसिद्ध पाऊलखूण एकच आहे, जोडी नाही. ती कोणाची हे कधी कळत नाही. इतकी वर्षे माणसासाठी झुरलेला क्रूसो ती पाहून आनंदत नाही. घाबरून आपल्या तटबंदीकडे पळतो. नातवाला तेवढे पान मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, हा पळाला का.